वापसा यायची वाट

माझी मुलगी पहिलीत वाचत नव्हती, आणि मी एका कॉलेजात ग्रंथपाल. हसा की. सगळे हसले, तुम्हीही हसून घ्या. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना पुस्तकं काढून द्यायची, वाचा रे बाबांनो म्हणून त्यांच्या मागं लागायचं, आणि घरी आलं की आपल्या पोटची पोरगी पुस्तक उघडल्याबरोबर उठून मांजराच्या मागं पळते, हे बघत बसायचं.

आम्ही कोल्हापुरात राहतो, रंकाळ्याच्या मागच्या अंगाला. नवरा शेतकरी. त्याचं गाव बिद्रीच्या अलीकडं. तिथं ऊस, दोन म्हशी आणि सासू-सासरे. माझी नोकरी आणि पोरीची शाळा इथं, म्हणून तो रोज सकाळी मोटारसायकलवरून गावाला जातो आणि दिवस मावळायला परत येतो. शनिवार-रविवार आणि झाडून सगळ्या सुट्ट्यांना पोरगी गावाकडंच. त्यामुळं तिची बोली सगळी तिकडची. हाय, न्हाय, व्हय, आणि तेही पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारल्यासारखं. माझे वडील शाळेत मास्तर होते, माझ्या माहेरी 'आहे'ला 'आहे'च म्हणायचे. पण पोरगी बापाच्या वळणावर गेली, आणि खरं सांगायचं तर ती तशी बोलली की मला गोडच वाटायचं.

बाकी पोरगी चलाख. गल्लीत कुणाचं कुणाशी आणि कशावरून भांडण झालंय, हे तिला माझ्याआधी ठाऊक. कुणाच्या लग्नात काय जेवलो ते ताटात वाढलं त्या क्रमानं सांगायची. गावाकडं कुठली म्हैस कुणाला दूध देते आणि कुणाला लाथ मारते, तेही तिलाच विचारायचं. फक्त वाचायचं नाव काढलं की खेळ खलास.

मी काय कमी केलं का? अक्षरांची कार्डं फ्रिजला चिकटवली. दारावर 'दार' लिहिलं, खुर्चीवर 'खुर्ची' लिहिलं, घराचं पार गोदाम करून टाकलं. मोबाईलवर अक्षरं गाऊन दाखवणारा हत्ती आणला. गल्लीच्या टोकाला एक ताई शिकवणी घ्यायच्या, त्यांच्याकडं पाठवलं. तिथं ही ताईंच्या तान्ह्या बाळाला खेळवायची आणि वेळ झाली की परत यायची. ताई खूश, बाळ खूश, पोरगी खूश. शेवटी मीच रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायला लागले. सुटी अक्षरं तिला येत होती. मी बोट ठेवायचे, ती म्हणायची, “क. म. ळ.”

“मग सगळं मिळून काय झालं?”

“फूल.”

“अगं, क, म, ळ! फूल कुठनं आलं?”

“हे काय, चित्र हाय की.”

चित्र होतंच, चांगलं ठळक गुलाबी. मी त्याच्यावर तळहात ठेवायचे. “आता वाच.”

“आता काय दिसत न्हाय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी ओरडायचे, ती रडायची, शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, “काय झालं गं?” आणि भाकरी करपायची ती वेगळीच.

संक्रांतीच्या सुमारास शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या बाई तरुण, पुण्याकडच्या, लग्न होऊन नुकत्याच कोल्हापुरात आलेल्या. मनानं चांगल्या. उगीच घाबरवायचं म्हणून बोलणाऱ्या नव्हेत, आणि म्हणूनच मी जास्त घाबरले.

“बाकीची मुलं आता वाक्यं वाचतात,” बाई म्हणाल्या. “ही चित्र बघून अंदाजानं काहीतरी सांगते. नियमानं आम्ही कुणाला मागं ठेवत नाही. पण तुम्ही पालकांनी स्वतः सांगितलंत तर तिला पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीत बसवता येईल. पाया पक्का होईल तिचा. पाडव्यापर्यंत विचार करून सांगा.”

म्हणजे ठरवायचं आम्ही. शाळेनं नापास केलं असतं तर निदान शाळेला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्याच आठवड्यात पोरगी शाळेतून आली, दप्तर भिरकावलं, घटाघटा पाणी प्यायली आणि तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणाली, “आई, मी ढ हाय व्हय?”

“कुणी सांगितलं तुला?”

“माझ्या बाकावरची म्हणाली. तू ढ हायस, तू परत पहिलीतच बसणार.” मग तिनं जरा विचार केला. “ढ म्हंजे ढगाचा ढ न्हवं?”

“हो. ढगाचा ढ.”

“मग चालतंय की,” म्हणाली आणि खेळायला पळाली.

मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. तिला त्या शब्दाचा अर्थ अजून माहीत नव्हता, एवढाच काय तो दिलासा. पुन्हा पहिलीत बसवलं तर सगळा वर्ग पुढं जाणार, बाकावरची पुढं जाणार, आणि तो ढ हिला कायमचा चिकटणार. आणि तसंच दुसरीत ढकललं आणि तिथंही वाचता आलं नाही तर? तिथं तोच शब्द रोज ऐकायचा, आणि तोवर त्याचा अर्थही कळायला लागलेला असणार. कुठल्या बाजूनं चुकायचं तेवढंच आमच्या हातात होतं, असं मला वाटत होतं.

संध्याकाळी नवरा आला, त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातपाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाला, “परत बसवायचं न्हाय.”

“मग वाचणार कधी ती?”

“वापसा आल्याव.”

वापसा म्हणजे काय, ते आमच्याकडं लहान पोरांनाही ठाऊक असतं, तरी सांगते. पुस्तकात त्याला वाफसा लिहितात. रानाला पाणी दिलं, किंवा पाऊस पडून गेला, की लगेच मातीला हात लावत नाहीत. ओली असते तोवर ती औताला चिकटते, फार वाळली की दगड होते. मध्ये कधीतरी ती अशी येते, की मूठ आवळली तर गोळा होतो आणि मूठ सोडली तर तो आपसूक भुसभुशीत सुटतो. तेव्हा रानाला वापसा आला म्हणायचं आणि पेरायला घ्यायचं.

“चिखलात कुळव घातला तर काय हुतं? नुसती ढेकळं निघत्यात,” नवरा म्हणाला. “मग ती फोडण्यात वरीस जातंय. तू रोज सांच्याला तेच करायलीस.”

“अहो, पोरगी म्हणजे काय उसाची सरी हाय व्हय?” रागात आले की मीपण हाय-न्हायवर येते. “आणि नाहीच आला वापसा तर?”

“येतोय.”

“कशावरनं?”

“आजवर कुठल्या रानाला आला न्हाय, सांग की.”

असल्या उत्तरावर काय बोलायचं, डोंबल? मी भांडी आदळत म्हणाले, “तुमचं बरं आहे. देवावर सोडायचं आणि गावाकडं निघून जायचं.”

त्यावर मात्र तो चिडला. तो चिडला की आवाज चढत नाही, उतरतो. “सोडायचं कोण म्हणालं? वापसा बघायला रोज रानात जावं लागतंय. मूठभर माती उचलायची, बघायची. आज न्हाय तर उद्या परत. दोन दिवस दुसरीकडं अडकलं तर रान वाळून जातंय हातातनं. बघत ऱ्हायचं, पर हात आवरायचा. तू जरा हात आवर आन् नुसतं बघ.”

मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही. पण मनात कुठंतरी ते लागलं होतं.

देवाचं म्हणाल तर आम्ही दोघंही देवाला मानणारे, पण आमची मानायची तऱ्हा वेगळी. मी दर शुक्रवारी अंबाबाईला जात होते, आणि तिथं माझं एकच तुणतुणं. आई, एवढं कर. ओटी भरीन, अमुक करीन, तमुक करीन. रांग पुढं सरकेपर्यंत मी देवीला पोरीची सगळी हकीकत सांगून टाकायचे, शिकवणीच्या ताईंच्या तक्रारीसकट. देवीला बिचारीला माझ्यापुढं गाभाऱ्यातून उठून जायची सोय नव्हती.

नवरा एका रविवारी पोरीला घेऊन जोतिबाला गेला. परत आले ते दोघंही गुलालानं माखून, नुसते डोळे तेवढे दिसत होते. आता हे कपडे धुवायचे कुणी, म्हणून आधी एक राऊंड भांडण झालं. मग मी विचारलं, “नवस बोललात का?”

“न्हाय.”

“मग मागितलं काय?”

“काय न्हाय मागितलं. पोरगी दावून आलो.”

“दाखवून आलात?”

“व्हय. म्हटलं, ही आमची. बघून ठेव. चांगभलं.” आणि तो गार पाण्यानं डोकं धुवायला गेला.

मला त्या माणसाचा हेवा वाटला, अगदी खराखुरा. मी माझ्या देवीला शुक्रवारच्या शुक्रवारी आठवण करून देत होते, आणि हा एकदा दाखवून मोकळा. याला काही वाटतच नाही, असं मला तेव्हा वाटायचं. तरीपण दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ठीक आहे, शिमगा होईपर्यंत मी तिला शिकवणार नाही. कार्डं काढली. म्हणजे पोरीनंच काढली, ओरबाडून, एवढ्या आनंदानं की जणू तिचा वाढदिवस होता. हत्तीही मोबाईलमधून घालवला.

हात आवरणं म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा कळलं. ओरडण्यापेक्षा अवघड. एका रविवारी ती गावाकडं गोठ्यात पेंडीच्या पोत्यावर बसलेली. पोत्यावर मोठी निळी अक्षरं. पोरगी त्यांच्यावरून बोट फिरवत होती, सावकाश, वळणावळणानं, आणि तिचे ओठ हलत होते. मी न राहवून म्हटलं, “काय लिहिलंय गं त्याच्यावर?”

बोट जागच्या जागी थांबलं. “काय न्हाय,” ती म्हणाली आणि पोत्यावरून घसरून रेडकाकडं गेली.

नवरा पाठमोरा बसून धार काढत होता. त्यानं मान वळवली नाही. “घातलास कुळव,” म्हणाला.

सासूबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला स्वतःचा राग आला, त्याचा आला, त्या पेंडीच्या पोत्याचासुद्धा आला.

तिला गोष्ट वाचून दाखवायला मात्र बंदी नव्हती. ते मी रोज करायचे, दिवेलागणीनंतर, स्वयंपाकाला उठायच्या आधी. ती मांडीला रेलून बसायची. मी वाचताना ओळीखालून बोट फिरवायचे, ते माझ्या वडिलांनी मला लावलेलं वळण. एकदा मी फार दमले होते. पुस्तक त्याच दिवशी आणलेलं, कोरं, तिनं आधी कधी ऐकलेलं नव्हतं. मी गुपचूप एक ओळ गाळली आणि पुढच्या ओळीवर गेले. लगेच तिचं बोट येऊन कागदावर टेकलं.

“हितलं ऱ्हायलं की.”

आता ती ओळ वाचत होती, की माझं बोट कुठनं कुठं गेलं ते बघत होती? विचारावंसं इतकं वाटलं की मी ओठ दाताखाली धरला. मागं जाऊन ती ओळ वाचली, पुढं गेले. मग स्वयंपाकघरात येऊन नवऱ्याला हळूच म्हटलं, “आज मूठ भरून बघितली. गोळा होतोय. सुटतोय का ते मात्र कळत नाही.”

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “शिकलीस की गं शेती,” म्हणाला. मलापण हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं तसं हसलो.

तरी शिमगा आला आणि गेला, आणि पोरीनं कुठं काही वाचून दाखवलं म्हणावं तर नाही. पाडवा तोंडावर आला. बाईंचा निरोप आला, दोघंही या, तुमच्यासमोरच तिला वाचायला देते, मग काय ते ठरवू. त्या दिवशी सकाळपासून मला घास उतरला नाही. नवरा रानातूनच आला. सदरा धुतलेला होता, पण चपला चिखलानं भरलेल्या, त्या त्यानं वर्गाबाहेर काढल्या. पोरांच्या बुटक्या बाकावर आम्ही दोघं गुडघे छातीशी घेऊन बसलो. पोरगी पाठीवर तिचं निळं दप्तर घेऊन बाईंच्या टेबलाजवळ उभी.

“पुस्तक तिला ऐकून पाठ झालं असेल,” बाई म्हणाल्या, “म्हणून हा नवा कागद आहे.”

झेरॉक्स केलेला कागद होता. वर चित्र, शाळेच्या फाटकातून आत जाणारी एक मुलगी, तिच्या पाठीवर दप्तर. खाली वाक्यं. मला जिथं बसले होते तिथून दिसत होती: मी शाळेत जाते. माझे दप्तर लाल आहे. दप्तरात डबा आहे.

पोरीनं कागद हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग रानात हाक मारायच्या आवाजात म्हणाली, “मी साळंत जातो. माझं दप्तार तांबडं हाय. दप्तरात डबा हाय.”

बाईंनी आमच्याकडं बघितलं. “ऐकलंत ना? चित्रात मुलगी आहे, शाळा आहे, दप्तर आहे. त्यावरून ती जुळवून सांगते. 'जाते' लिहिलंय, ती 'जातो' म्हणते. 'लाल' लिहिलंय, ती 'तांबडं' म्हणते. अक्षरांकडं बघतच नाही हो ती. मला वाईट वाटतं सांगायला.”

झालं म्हटलं. नवऱ्याकडं बघितलं तर तो खाली फरशीकडं बघत होता. ठीक आहे बाई, बसवा परत, हे माझ्या ओठावर आलं होतं. नुसतं बोलायचं बाकी होतं. पोरगी कागद धरून आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांना डोळा द्यायला नको म्हणून मी त्या कागदाकडं बघत बसले. त्या मुलीकडं. तिच्या दप्तराकडं.

दप्तर काळं होतं.

मुलगी काळी-पांढरी, फाटक काळं-पांढरं, सगळा कागदच काळा-पांढरा. झेरॉक्स तो.

“बाई,” मी म्हटलं. “ह्या चित्रात लाल कुठाय?”

“म्हणजे?”

“चित्र बघून सांगितलं असतं तर ती काळं म्हणाली असती. स्वतःचं दप्तर सांगितलं असतं तर निळं म्हणाली असती. तांबडं आणलं कुठनं तिनं?”

बाईंनी तिच्या हातातून कागद घेतला आणि बघतच राहिल्या. मी उठले, उठताना बाकाचा कोपरा गुडघ्याला सणसणीत लागला, त्याचंही भान नाही. पोरीजवळ जाऊन 'लाल'वर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय, बाळा?”

“लाल.”

“मग तू तांबडं का म्हणालीस?”

“आई, लाल म्हंजे तांबडंच की!” ती माझी कीव करत म्हणाली. “तुला म्हाईत न्हाय व्हय?”

“आणि हे?”

“जाते.”

“मग तू जातो म्हणालीस ते?”

“ही पोरगी जाते म्हणतीया. मी जातो म्हणतोय.”

बाई गोंधळल्या. “पण ती मुलगी आहे ना? मग 'जातो' कशी म्हणेल?”

आता मला हसू आवरेना, आणि रडूही आवरेना, दोन्ही एकदमच सुरू झालं. बाईंना सांगायला कुणी नव्हतं हो. आमच्याकडं पोरीबाळी, लेकुरवाळ्या, पिकल्या केसांच्या म्हाताऱ्या, सगळ्या 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' म्हणतात. कोल्हापुरात बाईनं 'आलो' म्हटलं तर कुणी मान वळवून बघत नाही. मी स्वतः कॉलेजात 'आले' म्हणते आणि घराचा उंबरा ओलांडला की 'आलो'. हे मी सांगितलं तर बाई म्हणाल्या, “अगं बाई! मला वाटायचं वर्गातल्या मुली माझी गंमत करतात.”

मग त्यांनी खडू घेतला. चित्र नाही, कागद नाही, नुसता फळा. काय लिहावं म्हणून क्षणभर थांबल्या आणि मनाला आलं ते लिहिलं: ढगातून पाणी पडते.

त्यांना काय माहीत. पोरगी फळ्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “ढगाचा ढ.” मी मान हलवली. ती परत फळ्याकडं वळली, ओठ हलले, एकदा अडली, मागं गेली, परत आली. “ढगातनं पाणी पडतंय,” म्हणाली.

“अहो, ही वाचतेय!” बाई म्हणाल्या. “वाचतेय आणि वर आपल्या भाषेत करून सांगतेय, आणि मी आपली चुका धरत बसले! काही नाही, दुसरीत जाऊ दे. ते 'जाते' आणि 'आहे' मी बघून घेते.”

“बघा,” मी डोळे पुसत म्हटलं, “पण 'हाय' अगदी घालवू नका, बाई. गावाकडं लागतं तिला.”

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या वर्गात कळलं. कडकडून भूक लागली. समोर भाकरी असती तर मी नुसती मिठाबरोबर खाल्ली असती. पोरगी एव्हाना फळ्यावर स्वतःच काहीतरी गिरगटायला लागली होती.

बाहेर येऊन नवऱ्यानं चपला घातल्या त्या उलट्या पायांत. माझ्या लक्षात आलं, त्याच्या नाही. गाडीपाशी जाऊन किल्ली लावायला लागला तर ती लागेना. जवळ जाऊन बघितलं, तर किल्ली उलटी धरली होती.

“काय झालं हो?”

“लई भ्यालोतो,” तो म्हणाला.

“तुम्ही? तुम्ही तर येतोय वापसा, येतोय वापसा म्हणत होता की!”

“म्हणत हुतो. खोटं न्हवतो म्हणत. पर रोज सकाळी गाडीव बसलो की गाव येईपतूर एकच वाटायचं, समजा माझं चुकलं तर? रान एका वरसाला पडीक गेलं तर पुढच्या वरसाला पिकतंय. पोरीचं वरीस कुठनं आणायचं?”

“मग मला सांगायचं नाही?”

त्यानं किल्ली लावली, काढली, परत लावली. “तू आधीच भ्यालीवतीस. दोघं बी भ्यालो असतो तर पोरीनं बघायचं कुणाकडं?”

मी भर रस्त्यात त्याच्या पाठीत एक धपका घातला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. इतके दिवस ह्या माणसाला काही वाटत नाही म्हणून मी भांडी आदळली होती. “चपला नीट घाला,” म्हटलं.

पोरीला पुढं टाकीवर घेतलं, मी मागं बसले. फाटकातून बाहेर पडलो तोच पोरीनं सुरू केलं. “दूध. दही. पप्पा, हितं दूध-दही हाय.” पुढं, “पि-ठा-ची गि-रण. गिरणी.” पुढं, “च-हा.” इतक्या दिवसांचं कुठं साठवून ठेवलं होतं कोण जाणे. पाटी मागं पडायला लागली की ती ओरडायची, “थांबा की, पप्पा!” आणि नवरा गाडी हळू करायचा. हळू करता करता आम्ही चालणाऱ्या माणसांपेक्षा मागं पडायला लागलो. एका पाटीवर लिहिलेलं केशकर्तनालय. पोरगी 'केशक'पर्यंत आली आणि त्या पुढच्या जोडाक्षरात अडकली. नवऱ्यानं सरळ रस्त्याच्या मधेच पाय टेकले.

मागं रिक्षा होती. रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला, मग हात हॉर्नवरच ठेवला. शेवटी डोकं बाहेर काढून ओरडला, “ओ पावणं! गाडी चालवताय का ढकलताय?”

कधी कुणाला वरच्या आवाजात न बोलणारा माझा नवरा वळला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, “पोरगी वाचायलीया माझी!”

“काय?”

“वाचायलीया पोरगी! पाटी वाचायलीया!”

रिक्षावाल्यानं पाटीकडं बघितलं, टाकीवर बसलेल्या पोरीकडं बघितलं. हॉर्नवरचा हात काढला आणि रिक्षा बंदच करून टाकली. “मग वाचू दे की,” म्हणाला. “मला कुठं घाई हाय?”

मागं आणखी गाड्या येऊन थांबत होत्या. पोरीनं कुणाकडं बघितलं नाही. “सगळ्यांनी गप बसा,” म्हणाली. “मी परत पहिल्यापासनं वाचतो.” आणि तिनं 'के'वर बोट धरलं.